सोसायटीच्या भिंतीला खेटून वाढलेला गुलमोहर: तोडायचा, छाटायचा की भिंतच बदलायची?

मे महिन्यात सोसायटीच्या गेटवरचा गुलमोहर फुलतो आणि निम्म्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप स्टेटसला त्याचेच फोटो असतात. जूनमध्ये तेच झाड पुन्हा ग्रुपवर येतं, पण आता फोटो वेगळे असतात. कंपाउंड वॉलला गेलेला तडा, पार्किंगमधले उचकटलेले पेव्हर ब्लॉक, गाडीच्या काचेवर पडलेली फांदी. खाली तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मेसेज: "माणूस मेल्यावरच झाड तोडणार आहात का?" त्याखाली दुसरा: "तीस वर्षांचं झाड आहे, हात लावून दाखवा." मग वार्षिक सभेत अर्धा तास यावरच जातो आणि शेवटी कमिटी मधला मार्ग काढते. एका माणसाला बोलावून झाड वरून सपाट कापून घ्यायचं.

गंमत अशी की सगळ्या पर्यायांमधला सगळ्यात वाईट पर्याय बहुतेक वेळा हाच असतो. तो का, आणि मग करायचं काय, हे समजून घ्यायचं तर आधी झाड तिथे आलं कसं ते बघावं लागतं.

तीन फुटांचं रोप आणि दोन फुटांची जागा

नर्सरीतल्या काळ्या पिशवीत असताना सगळी रोपं सारखीच दिसतात. फ्लॅटचा ताबा द्यायच्या आधी बिल्डरला परिसर हिरवा दाखवायचा असतो, म्हणून ठेकेदार भराभर वाढणारी, छान फुलणारी झाडं निवडतो आणि रिकामी जागा म्हणजे भिंतीची कड, तिथे ओळीने लावून मोकळा होतो. पावसाळी वृक्षारोपणातही हेच होतं. खड्डा तिथेच घेतला जातो जिथे गाड्या लागत नाहीत.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मोकळ्या जागेत तो दहा-बारा मीटर उंच जातो आणि त्याची छत्री उंचीपेक्षा जास्त पसरते. म्हणजे खोडापासून दोन्ही बाजूंना पाच-सहा मीटर जागा त्याला हवीच. ती न देता भिंतीपासून दोन फुटांवर लावला, तर तो प्रकाशाच्या दिशेने, म्हणजे रस्त्याकडे झुकत वाढणार. वजन सगळं एका बाजूला. त्यात जी झाडं लवकर वाढतात त्यांचं लाकूड सहसा ठिसूळ असतं. रस्त्यांच्या कडेला दिसणारे पर्जन्यवृक्ष आणि पिवळ्या फुलांचा पीतमोहर यांचीही कुंडली साधारण हीच.

फसगतीचे आणखी काही नमुने घराघरात आहेत. हॉलमध्ये कुंडीत ठेवायला आणलेला फायकस बेंजामिना मोठा झाला म्हणून कुणीतरी तो खाली जमिनीत लावतं. तो वड-पिंपळाच्या कुळातला आहे हे दहा वर्षांनी ड्रेनेजचं चेंबर उघडल्यावर कळतं. आपल्याकडे 'बॉटल पाम' म्हणून जे विकलं जातं, ते बऱ्याचदा रॉयल पाम असतं. खरा बॉटल पाम बुटका राहतो. रॉयल पाम पंधरा-वीस मीटर जातो आणि त्याची वाळलेली झावळी वरून सुटली की खाली उभ्या गाडीचा पत्रा दबतो. माणूस असेल तर विषयच संपला.

मुळं खरंच भिंत फोडतात का?

फोडतात, पण लोकांना वाटतं तशी नाही.

झाडाची मुळं खोडाइतकीच खोल जातात हा जुना गैरसमज आहे. बहुतेक झाडांची बहुतांश मुळं जमिनीच्या वरच्या दोन फुटांतच असतात आणि आडवी पसरतात, अनेकदा छत्रीच्याही बाहेर. ती जातात कुठे, तर जिथे हवा आणि ओल आहे तिथे. खोल पायाच्या आरसीसी इमारतीला साधारणपणे गुलमोहराचं मूळ काही करत नाही. कंपाउंड वॉलची गोष्ट वेगळी. तिचा पाया उथळ असतो, कधीकधी नुसता नावाला असतो. खोडाजवळची मुळं दरवर्षी जाड होत जातात आणि गुलमोहराला तर वय वाढलं की बुंध्याशी फळीसारखी उभट मुळं सुटतात. ती जाडी भिंतीला हळूहळू उचलते. पेव्हर ब्लॉकचंही तेच.

ड्रेनेजच्या बाबतीत मुळं बहुतेक वेळा आयत्या घरात शिरतात. चांगला, घट्ट जोडांचा पाइप ती फोडत नाहीत. जुन्या स्टोनवेअर पाइपचा जोड आधी गळायला लागतो, आजूबाजूची माती ओली होते, केसाएवढं मूळ फटीतून आत जातं आणि आतमध्ये त्याचा झुबका होतो. अशा वेळी झाड तोडलं तरी पाइप गळकाच राहतो. तो बदलून पीव्हीसी टाकला तर झाडही राहतं आणि तुंबणंही थांबतं.

तिसरी गोष्ट फक्त काळ्या मातीच्या भागात लागू होते, पण तिथे ती सगळ्यात महत्त्वाची आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सोलापूर, नगर आणि पुण्याचा बराच भाग. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात त्याच कारणाने. मोठं झाड जमिनीतलं पाणी ओढून ही माती आणखी कोरडी करतं, त्यामुळे हलक्या पायाचं बांधकाम त्या बाजूला खचतं. म्हणजे इथे मूळ भिंतीला स्पर्शही न करता तडा जाऊ शकतो. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत हा त्रास सहसा होत नाही.

मग आपल्याकडे नक्की काय चाललंय हे कसं ओळखायचं? सोपा उपाय आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, शेजारी तारीख लिहा, पट्टी धरून फोटो काढा. मे, ऑगस्ट आणि डिसेंबर. तडा उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल तर मातीची हालचाल आहे. सतत वाढतच असेल आणि भिंतीचा खालचा भाग झाडाजवळ उचललेला दिसत असेल तर मुळाची जाडी. झाडापासून लांब, भिंतीला सगळीकडेच तडे असतील तर गुलमोहराला उगाच शिव्या घालण्यात अर्थ नाही. ते बांधकामच तसं आहे.

खरी भीती भिंतीची नाही

भिंत पडली तर पुन्हा बांधता येते. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं. सीसीटीव्हीतला तो व्हिडिओ देशभर फिरला. त्या महिलेचा मृत्यू झाला. ते झाड धोकादायक आहे, तोडू द्या, असा अर्ज रहिवाशांनी आधी केला होता आणि झाड ठीक असल्याचं सांगून परवानगी नाकारली गेली होती, ही बाब नंतर समोर आली. "झाड वाचवा" आणि "झाड तोडा" या दोन्ही बाजूंना एकाच वेळी गप्प करणारी ही घटना होती.

त्यामुळे झाड धोकादायक आहे का, हा प्रश्न ग्रुपवर मतदान घेऊन सोडवायचा नाही. झाडाकडे बघूनच सोडवायचा. खोड जुन्या काळापासून तिरकं आहे, पण शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला आहे, तर झाडाने तो तोल सांभाळलेला असतो. पण मागच्या वर्षी सरळ असलेलं झाड यंदा कललंय, आणि कललेल्या बाजूच्या उलट बाजूला जमिनीला भेग पडली आहे किंवा माती उचलली गेली आहे, तर थांबू नका. बुंध्याशी अळंबीसारखी कठीण बुरशी, खोडात ढोली, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात उभी चीर, बिनपानांच्या वाळक्या फांद्या ही बाकीची लक्षणं. नुसती वाळवीची माती दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, ती अनेकदा फक्त वरच्या मेलेल्या सालीवर असते. पण आत लाकूड पोकळ लागतंय का हे ठोकून बघायला हवं.

आणि एक गोष्ट जी कुणी बघतच नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत झाडाशेजारी कुणी चर खणला होता का? रस्त्याचं काँक्रीट, गॅसची लाइन, इंटरनेटची केबल, नाहीतर सोसायटीनेच भिंत दुरुस्त करताना कापलेली मुळं.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त झाडं इथेच मरतात. भिंतीला त्रास होतो म्हणून गवंडी भिंतीकडची मुळं कुऱ्हाडीने साफ करतो. भिंत नवी होते, रंग लागतो. झाड वरून हिरवंगार दिसत राहतं. पण त्याला धरून ठेवणारे एका बाजूचे दोर कापले गेलेले असतात. जून-जुलैत माती भिजून मऊ होते, छत्री पानांनी जड झालेली असते, वारा सुटतो आणि झाड ज्या बाजूला मुळं आहेत त्या बाजूला, म्हणजे बहुतेकदा इमारतीकडे किंवा पार्किंगवर आडवं होतं. सगळे म्हणतात, धडधाकट झाड अचानक कसं काय पडलं!

हिशोब सोपा आहे. छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळा. येईल त्या घेराला तीनने भागा, म्हणजे अंदाजे जाडी कळते. घेर १२० सेंटिमीटर असेल तर जाडी ४० सेंटिमीटर. या जाडीच्या तिप्पट अंतरात, म्हणजे खोडापासून १२० सेंटिमीटरच्या आत, जाड मुळाला हात लावायचाच नाही. पाचपट, म्हणजे दोन मीटर अंतर राखलं तर जास्त चांगलं. भिंत दोन फुटांवर असेल तर उत्तर आपोआप मिळतं: त्या बाजूची मुळं कापणं हा पर्यायच नाही.

वरून सपाट कापलं तर?

आता कमिटीच्या आवडत्या उपायाकडे. शेंडा आणि सगळ्या मोठ्या फांद्या मधूनच उडवायच्या, की झाड खांबासारखं उभं राहतं. दोन महिन्यांत त्या खुंटांमधून शेकडो कोवळे फुटवे येतात आणि सगळ्यांना वाटतं, वा, झाड जगलं.

ते फुटवे झाडाने घाबरून काढलेले असतात. पानं गेली, अन्न बनवायची सोय गेली, म्हणून साठवलेला सगळा माल खर्च करून झाड पटापट पानं काढतं. हे फुटवे लाकडात खोलवर रुजलेले नसतात, सालीलगत चिकटलेले असतात. खाली कापलेला खुंट पावसात सडत जातो. पाच-सात वर्षांनी त्याच फुटव्यांच्या जड फांद्या होतात आणि त्या सडक्या खुंटावर उभ्या असतात. म्हणजे धोका कमी करायला गेलो आणि आधीपेक्षा मोठा धोका पैसे देऊन विकत घेतला. पाम जातीच्या झाडाचा तर शेंडा कापला की खेळ खलास, त्याला वाढीचा कोंब एकच असतो.

योग्य छाटणीत झाडाचा आकार साधारण तसाच दिसतो, म्हणूनच ती केलेली लोकांच्या लक्षात येत नाही. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, रस्त्याकडे फार लांब गेलेल्या फांद्या निवडून काढायच्या. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त हिरवळ काढायची नाही. फांदी खोडाला मिळते तिथे थोडा फुगीर भाग असतो, काप त्याच्या अगदी बाहेर घ्यायचा. खोडाला घासून नाही आणि लांब खुंट ठेवूनही नाही. त्या फुगीर भागातूनच झाड जखम बुजवतं. जाड फांदी असेल तर आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून काप आणि शेवटी उरलेला खुंट. नाहीतर फांदी आपल्या वजनाने खाली येताना खोडाची साल ओरबाडून आणते.

छाटणीच्या आधी झाडावर घरटी आहेत का हे बघणं फक्त भूतदया नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात जंगली पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणंही येतं.

भिंत बदलता येते

झाड निरोगी असेल आणि त्रास फक्त भिंतीचा असेल तर स्वस्त आणि टिकाऊ उपाय गवंड्याकडे आहे, लाकूडतोड्याकडे नाही. खोडासमोरचा सहा-आठ फुटांचा भिंतीचा तुकडा काढायचा. दोन्ही टोकांना खांब घ्यायचे, मुळं चुकवून. मधे जमिनीपासून थोडं वर आरसीसी बीम टाकायचा, म्हणजे मुळं खालून जातील आणि भिंत बीमवर उभी राहील. मूळ पुढे जाड होईल हे धरून बीमखाली मोकळी जागा सोडायची. किंवा तेवढ्या भागात भिंतीऐवजी लोखंडी जाळी लावायची.

पार्किंगमध्ये खोडाला भिडलेले पेव्हर काढून किमान एक मीटरचं आळं मोकळं करायचं. दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिला होता. मुळाला श्वास आणि पाणी जवळ मिळालं की फरशीखालून पळायची त्याची गरज कमी होते.

उचलून दुसरीकडे लावू, हा सल्लाही प्रत्येक सभेत कुणीतरी देतं. रोप दोन-तीन वर्षांचं असेल तर जरूर. पण ४० सेंटिमीटर जाडीच्या झाडासोबत त्याच्या दहापट, म्हणजे जवळपास चार मीटर रुंदीचा मातीचा गोळा न्यावा लागतो. वजन पंधरा-वीस टन. भिंतीला खेटलेल्या झाडाचा असा गोळा निघतच नाही. मग होतं काय, तर क्रेनने खोड उचलतात, मुळं तोडतात आणि नव्या जागी एक वाळका खांब उभा करतात. पाम मात्र अपवाद आहे. त्याची मुळं तंतूंसारखी असतात, गोळा लहान चालतो, त्यामुळे मोठा पामही बऱ्यापैकी जगतो.

कायदा काय सांगतो?

जागा सोसायटीची, झाड सोसायटीने लावलेलं, तरी ते मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्रात शहरी भागासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. गोव्याचा असाच कायदा १९८४ चा आहे. परवानगी महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून लागते. अर्ज सहसा उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो, पाहणी होते, झाडावर नोटीस लागते आणि लोकांच्या हरकती मागवल्या जातात. छाटणीसाठीही आधी याच विभागात विचारायचं. शेजारच्या प्लॉटवरून आपल्याकडे आलेली फांदी असली तरी. खासगी जागेतल्या झाडांची छाटणी परवानगी घेऊन करून घेणं ही जागामालकाचीच जबाबदारी असते. मुंबईत पावसाळ्याआधी पालिका सोसायट्यांना तशा नोटिसाही देते.

२०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड आता 'हेरिटेज' मानलं जातं. आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं भरपाई म्हणून लावायची. म्हणजे आपल्या गोष्टीतला तीस वर्षांचा गुलमोहर तोडला तर तीस रोपं. ज्या सोसायटीला एका झाडाला जागा देता आली नाही, तिने तीस कुठे लावायची, हा प्रश्न वार्षिक सभेत मांडून बघा. बीमचा खर्च एकदम कमी वाटायला लागतो.

ही कटकट नको म्हणून काही जण रात्रीचा मार्ग निवडतात. बुंध्याला छिद्र पाडून ॲसिड नाहीतर मोरचूद ओतणं, गोलाकार साल काढणं. या कायद्यात 'झाड तोडणे' याच्या व्याख्येत जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं, त्यामुळे पकडले गेलात तर हा गुन्हाच आहे. पण त्याहून मोठा मुद्दा साध्या व्यवहाराचा आहे. विष घालून मारलेलं झाड जागेवरच उभं असतं. त्याची मुळं सडत जातात, फांद्या ठिसूळ होतात आणि ते कधी, कुणावर पडेल हे कुणाच्याच हातात राहत नाही.

झाड खरंच कलत असेल, तर अर्जाच्या उत्तराची वाट बघत बसू नका. खालची जागा रिकामी करा, गाड्या हलवा, तिथून येणं-जाणं बंद करा, सगळ्या बाजूंनी फोटो काढून लेखी कळवा आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. मुंबईत पालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा नंबर १९१६ आहे. विजेच्या तारेला फांदी टेकली असेल तर आधी वीज कंपनीला बोलवा. स्वतः बांबू घेऊन चढायचं नाही.

तोडावंच लागलं तर

तपासणीत खोड पोकळ निघालं, परवानगी मिळाली आणि झाड गेलं. आता लगेच भिंत बांधायला घेऊ नका. काळ्या मातीत झाड इतकी वर्षं जे पाणी ओढत होतं ते आता जमिनीतच राहणार, माती फुगणार आणि नवी भिंत उलट्या बाजूने तडकू शकते. निदान एक पावसाळा जाऊ द्या. खाली राहिलेली मुळं कुजून पोकळ्या होतात, त्या नीट भरून घ्या.

त्या जागी पुन्हा काही लावायचं असेल तर पारिजातक, कांचन, कुंती, देवचाफा अशी लहानखुरी झाडं भिंतीपासून दोन-तीन मीटरवर चालतात. सीताअशोक, बहावा किंवा आपलं राज्यफूल असलेला तामण यांना चार-पाच मीटर द्या. अंदाज करायचा तर झाड पूर्ण वाढल्यावर छत्री किती रुंद होईल ते विचारा आणि त्याच्या निम्मं अंतर भिंतीपासून सोडा. नर्सरीवाला सांगू शकला नाही तर तेच झाड रस्त्यावर कुठेतरी वाढलेलं शोधून स्वतः बघून या.

आणि मागच्या पावसाळ्यात भिंतीला खेटून एखादं रोप लावलं असेल तर ते आत्ता हलवता येतं. उद्यान विभागाला विचारून घ्या, नवा खड्डा आधीच तयार ठेवा. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की संध्याकाळच्या वेळी रोपाभोवती दीड फुटाचा घेर घेऊन मातीच्या गोळ्यासकट काढा, पोत्यात बांधून न्या, आधी होतं तेवढ्याच खोलीवर लावा आणि पाऊस उघडला की पहिला उन्हाळा संपेपर्यंत पाणी घाला. दोन माणसांचं, तासाभराचं काम आहे.